समुद्रकाठच्या सांस्कृतिक केंद्राची प्रकाशयोजना : उजेड किती, कुठे आणि केव्हा

समुद्राच्या काठावर उभ्या राहणाऱ्या सांस्कृतिक परिषद केंद्राकडून अनेक कामांची अपेक्षा असते. सकाळी तिथे चर्चासत्रे भरतात, दुपारी दालनांत चित्रांचे आणि वस्त्रांचे प्रदर्शन चालू असते, संध्याकाळी त्याच छताखाली संगीताची मैफल किंवा नाटकाचा प्रयोग होतो, आणि रात्र झाली की ही वास्तू किनाऱ्यावर उठून दिसावी अशी ती बांधणाऱ्यांची इच्छा असते. या प्रत्येक कामाला वेगळा उजेड लागतो. त्यात समोर समुद्र असल्यामुळे आणखी तीन गोष्टींची भर पडते: पाण्यावरून परावर्तित होऊन येणारे ऊन, धातू खाऊन टाकणारी खारी हवा, आणि ज्यांचे जगणे रात्रीच्या अंधारावर अवलंबून आहे असे किनाऱ्यावरचे व आकाशातले जीव. अशा वास्तूची प्रकाशयोजना शाश्वत असावी असे म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एलईडी दिवे आणि छतावरचे सौर पॅनेल येतात. दोन्ही उपयोगाचे आहेतच. तरीही माझ्या मते खरी बचत आणि खरे नुकसान यांचा निर्णय त्याच्या कितीतरी आधी, उजेड किती, कुठे आणि कोणत्या वेळी हवा हे ठरवतानाच होऊन जातो. कोणती जागा अंधारी ठेवायची हेही त्याच बैठकीत ठरावे लागते.

पुढची चर्चा तीन मापांवर उभी आहे, म्हणून ती आधी समजून घेऊ. दिव्यातून एकूण किती प्रकाश बाहेर पडतो ते ल्युमेनमध्ये मोजतात, त्यासाठी किती वीज लागते ते वॅटमध्ये, आणि एखाद्या पृष्ठभागावर प्रत्यक्ष किती प्रकाश पोहोचतो ते लक्समध्ये. एक ल्युमेन प्रकाश एक चौरस मीटर जागेवर सारखा पसरला तर तिथे एक लक्स उजेड पडतो. जुना तारेचा बल्ब एका वॅटमागे साधारण 10 ते 15 ल्युमेन देत असे, तर आजचा चांगला एलईडी दिवा 100 ते 150 ल्युमेन सहज देतो. हा पल्ला निळ्या एलईडीच्या शोधामुळे गाठता आला, आणि त्यासाठी इसामू अकासाकी, हिरोशी अमानो व शुजी नाकामुरा यांना 2014 चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बंदराच्या पाण्यात शिरलेल्या भूशिरावर उभ्या असलेल्या सिडनी ऑपेरा हाऊसच्या मुख्य संगीतगृहात जुने दिवे काढून एलईडी बसवल्यावर तिथल्या दिव्यांचा वीजवापर सुमारे 75 टक्क्यांनी घटला.

मात्र ल्युमेन आणि वॅटचा हा हिशेब दिव्यापुरता असतो, संपूर्ण योजनेचा नसतो. दिव्यातून निघालेला प्रकाश आकाशात, समुद्रावर किंवा माणूस नसलेल्या गच्चीवर जात असेल, तर दिवा कितीही कार्यक्षम असला तरी तो प्रकाश वायाच गेलेला असतो. म्हणून आधी लक्स ठरवायचे, मग त्यासाठी लागणारे ल्युमेन आणि सर्वांत शेवटी वॅट, असा क्रम ठेवावा. इमारतींच्या अंतर्गत प्रकाशासाठीचे युरोपीय मानक बैठकीच्या खोलीत टेबलावर 500 लक्स आणि ये-जा करण्याच्या मार्गिकेत 100 लक्स पुरेसे मानते. हे आकडे कामाच्या जागेवरचे आहेत, संपूर्ण खोलीचे नाहीत. हा बारकावा सुटला की छताच्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत 500 लक्स ओतले जातात आणि विजेचा निम्मा खर्च रिकाम्या गालिच्यावर होतो.

बाहेरच्या उजेडाचा विचार करताना तर आकड्यांपेक्षा डोळा कसा काम करतो हे अधिक महत्त्वाचे ठरते. भर दुपारच्या उन्हात जमिनीवर सुमारे 1,00,000 लक्स असतात आणि पौर्णिमेच्या चांदण्यात जेमतेम 0.1 ते 0.3 लक्स, तरीही माणसाचा डोळा दोन्ही ठिकाणी वाट शोधू शकतो, कारण तो भोवतालच्या उजेडाशी स्वतःला जुळवून घेतो. समुद्रकाठी पार्श्वभूमी काळोखाची असते. तिथे पायवाटेवर काही थोडे लक्सही ठळक दिसतात, मात्र दिव्याचा झोत थेट डोळ्यांवर येता कामा नये. याउलट पायवाट 50 लक्सने उजळली, तर पायवाटेपलीकडचे सगळे काळे ठिक्कर होते आणि पाहुणा ज्या समुद्रासाठी आला तोच त्याला दिसेनासा होतो. यात अडचण फक्त उंबरठ्याची असते. झगमगत्या दिवाणखान्यातून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला काही मिनिटे लागतात, म्हणून दरवाजापासून पायऱ्यांपर्यंत उजेड टप्प्याटप्प्याने उतरत न्यावा लागतो. हे टप्पे नीट आखले तर पुढचा संपूर्ण परिसर अगदी मंद प्रकाशावर सुरक्षितपणे चालवता येतो.

खालून येणारे ऊन

दिवसाचा उजेड फुकट असतो, पण समुद्रासमोर तो हाताळायला सर्वांत अवघड असतो. सूर्य डोक्यावर असताना शांत पाणी त्याच्या प्रकाशाचा फक्त 2 टक्के भाग परत फेकते. सूर्य क्षितिजाजवळ उतरतो तसे हे प्रमाण झपाट्याने वाढते, आणि तो क्षितिजापासून सुमारे 10 अंशांवर आला की जवळपास एक तृतीयांश प्रकाश पाण्याच्या पृष्ठभागावरून घसरून काठाकडे येतो. लाटांमुळे हा प्रकाश एका बिंदूत न राहता लांबच लांब चमचमता पट्टा होऊन पसरतो. म्हणजे त्या घटकेला इमारतीवर दोन सूर्य रोखलेले असतात, एक समोरून आणि दुसरा खालून. खिडकीवर पुढे काढलेली छपरी किंवा आडवी झडप दुपारच्या उंच उन्हाला उत्तम अडवते, पण कलत्या उन्हाला आणि खालून येणाऱ्या तिरिपेला ती काहीही करू शकत नाही. किनारा पश्चिमेकडे तोंड करून असेल तर हा त्रास संध्याकाळच्या सत्रांना होतो आणि पूर्वेकडे असेल तर सकाळच्या, एवढाच फरक.

अशा वेळी सभागृहात काय घडते ते पाहण्यासारखे आहे. समुद्र दिसावा म्हणून एक अख्खी भिंत काचेची केलेली असते. वक्ता त्या भिंतीपुढे उभा राहतो, त्याच्यामागे पाणी लखलखत असते, श्रोत्यांना त्याचा चेहरा काळ्या आकृतीसारखा दिसतो आणि पडद्यावरची अक्षरे पुसट होतात. कोणीतरी उठून पडदे ओढतो, मग अंधार झाला म्हणून सगळे दिवे लावले जातात. दुसऱ्या दिवशी पडदे उघडायची तसदी कोणी घेत नाही. महागड्या काचेतून येणारा फुकटचा उजेड बाहेर अडवून आत दिवसभर वीज जाळणारे सभागृह अशा रीतीने तयार होते, आणि ऊर्जेच्या कागदी हिशेबात मात्र ते दिवसाच्या उजेडावर चालते असे लिहिलेले असते.

यावर मला सर्वांत पटणारा उपाय वास्तूच्या नकाशातच आहे. समुद्राकडची बाजू माणसे हिंडतात-फिरतात अशा जागांना द्यावी: प्रवेशदालन, मधल्या सुटीत गप्पांना जमण्याची जागा, जिने. तिथे उन्हाची तिरीप आली तर माणूस दोन पावले बाजूला सरकतो किंवा पाठ फिरवतो. खुर्चीत तासभर बसलेल्या श्रोत्याला ती सोय नसते, म्हणून सभागृहे आतल्या बाजूला घेऊन त्यांना छताजवळच्या उंच खिडक्यांतून, सूर्याच्या मार्गाच्या विरुद्ध दिशेचा थंड आणि स्थिर उजेड द्यावा. उत्तर गोलार्धात ही दिशा उत्तर असते आणि दक्षिण गोलार्धात दक्षिण. खिडकीतून आलेला उपयोगी उजेड साधारणपणे तिच्या वरच्या कडेच्या उंचीच्या दोन ते अडीच पट खोलीपर्यंतच पोहोचतो. त्यामुळे खिडकी रुंद करण्यापेक्षा उंच करणे फायद्याचे असते. छत फिकट आणि चकाकी नसलेले ठेवले तर पाण्यावरून वर फेकला जाणारा प्रकाशही आपल्या कामी येतो, कारण तो छतावर आदळून खोलवर मऊपणे पसरतो.

स्पेनमधील सान सेबास्तियान येथील कुर्साल हे सभागृह आणि परिषद केंद्र अगदी समुद्राला लागून आहे. 1999 मध्ये पूर्ण झालेल्या या वास्तूत स्थपती राफाएल मोनेओ यांनी समुद्राकडे पारदर्शक भिंत उघडण्याचा सोपा मार्ग टाळला. दोन मोठ्या ठोकळ्यांना त्यांनी अर्धपारदर्शक, वक्राकार काचेच्या दुहेरी भिंती दिल्या आणि बाहेर पाहण्यासाठी मोजक्याच जागी खिडक्या ठेवल्या. त्यामुळे दिवसा आत पसरट, सौम्य उजेड येतो आणि समुद्र दिसतो तो निवडलेल्या चौकटींतून. रात्री आतल्या दिव्यांनी हेच ठोकळे बाहेरून उजळलेले दिसतात. दिवस आणि रात्र या दोन्हींचा विचार एकाच भिंतीत करण्याची ही पद्धत अभ्यासण्याजोगी आहे. मात्र आतून उजळलेल्या भिंतीचे रात्री काय करायचे हा प्रश्न तीही सोडवत नाही, आणि तिकडेच आता वळायला हवे.

काचेची भिंत म्हणजेच एक दिवा

शिकागोमध्ये मिशिगन सरोवराच्या अगदी काठावर मॅककॉर्मिक प्लेस हे प्रचंड परिषद केंद्र आहे, आणि त्याची सरोवराकडची इमारत मोठमोठ्या काचांची आहे. तिथल्या फील्ड म्युझियमचे डेव्हिड विलार्ड यांनी 1978 पासून या इमारतीच्या पायथ्याशी आदळून मेलेले पक्षी गोळा करून त्यांची नोंद ठेवायला सुरुवात केली. 5 ऑक्टोबर 2023 च्या सकाळी, स्थलांतराच्या ऐन हंगामात, एकाच रात्रीत मेलेले जवळपास 1,000 पक्षी तिथे सापडले. त्याआधीच, 2021 मध्ये, याच इमारतीच्या दोन दशकांच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात स्थलांतराची तीव्रता आणि वाऱ्याची दिशा यांच्याबरोबरीने रात्री किती खिडक्या उजळलेल्या आहेत ही बाब निर्णायक ठरली होती, आणि उजळलेल्या खिडक्यांचे क्षेत्रफळ शक्य तितके कमी ठेवले असते तर सुमारे 60 टक्के मृत्यू टळले असते असा अंदाज त्यात मांडला होता. 2024 मध्ये त्या काचांवर एकमेकांच्या जवळ छापलेल्या ठिपक्यांचा पातळ पडदा चिकटवण्यात आला, ज्यामुळे पक्ष्यांना काच अडथळा म्हणून ओळखता येते.

काठावरच्या इमारतींना हा धोका अधिक असतो. अनेक पक्षी रात्री स्थलांतर करतात आणि किनाऱ्याच्या रेषेला धरून उडतात किंवा पाणी ओलांडून काठावर पोहोचतात तेव्हा थकलेले असतात. न्यूयॉर्कमध्ये 11 सप्टेंबरच्या स्मृतिप्रीत्यर्थ आकाशात सोडल्या जाणाऱ्या दोन प्रखर झोतांचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. सात रात्रींत मिळून सुमारे 11 लाख पक्षी त्या प्रकाशाने प्रभावित झाल्याचा अंदाज त्यात होता. त्या अभ्यासातली मोलाची गोष्ट अशी की झोत विझवल्यावर काही मिनिटांतच घिरट्या घालणारे पक्षी पांगले आणि पुढे निघून गेले. उजेडाचे प्रदूषण विझवता येते, आणि विझवल्याबरोबर त्याचा परिणाम ओसरू लागतो. धुराच्या किंवा प्लास्टिकच्या बाबतीत असे कधीच होत नाही. म्हणूनच रिकाम्या दालनातले दिवे रात्रभर चालू ठेवण्याला मला कोणतेही समर्थन सापडत नाही.

वाळूवरची गोष्ट वेगळी आहे. समुद्री कासवाची पिल्ले बहुधा रात्री घरट्यातून वर येतात आणि समुद्र शोधतात तो उजेडावरून. नैसर्गिक किनाऱ्यावर समुद्राकडचे क्षितिज खाली आणि थोडे अधिक उजळ असते, तर जमिनीकडे टेकड्यांच्या आणि झाडांच्या उंच काळ्या आकृती असतात. पिल्लू उंच काळोखाकडे पाठ करून सखल उजेडाकडे चालू लागते. किनाऱ्यामागे उजळलेली इमारत आली की ही सगळी व्यवस्था उलटते. पिल्ले जमिनीकडे सरकत जातात, तिथे भक्षकांच्या तोंडी पडतात किंवा ऊन वर येताच सुकून मरतात. अंडी घालायला येणाऱ्या माद्याही उजळलेला किनारा टाळतात. कासवांच्या डोळ्यांना निळा आणि हिरवा प्रकाश ठळक दिसतो आणि तांबूस-पिवळा त्या मानाने कमी, म्हणून कासवांच्या किनाऱ्यांवर 560 नॅनोमीटरपेक्षा अधिक तरंगलांबीचे अंबर रंगाचे दिवे वापरण्याची शिफारस केली जाते. फ्लोरिडातले वन्यजीव अधिकारी याबाबत तीन गोष्टी सांगतात: दिवा खाली ठेवा, लांब तरंगलांबीचा ठेवा आणि झाकून ठेवा.

इथे रंगतापमान या संज्ञेचा उलगडा करायला हवा. ते केल्विनमध्ये मोजतात: 2700 केल्विनचा पांढरा प्रकाश पिवळसर दिसतो आणि 6500 केल्विनचा निळसर. बहुतेक पांढऱ्या एलईडीच्या पोटात निळा एलईडीच असतो आणि त्यावरचा फॉस्फरचा थर त्यातल्या काही निळ्या प्रकाशाचे पिवळ्या-लाल प्रकाशात रूपांतर करतो, त्यामुळे पिवळसर दिसणाऱ्या 2700 केल्विनच्या दिव्यातही थोडा निळा प्रकाश उरतोच. खरा अंबर एलईडी निळ्याशिवाय तयार होतो आणि दिसायलाही तसाच, जवळजवळ नारिंगी असतो. त्या प्रकाशात कपड्यांचे रंग नीट कळत नाहीत, पण वाळूकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर कपड्यांचे रंग कळण्याची गरजही नसते. रंग बदलला म्हणून झाकण्याची गरज मात्र संपत नाही. मला वाटते, या बाबतीतली सर्वांत प्रामाणिक कसोटी अशी आहे की अंधार पडल्यावर वाळूवर उतरावे, पिल्लाच्या उंचीला डोळे न्यावेत आणि इमारतीकडे पाहावे. एकही दिवा थेट दिसता कामा नये, आणि काचेमागचे उजळलेले छतही शक्य तो दिसू नये.

ही कसोटी पार करायची तर बाहेरचे दिवे गुडघ्याच्या उंचीवर, खाली रोखलेले आणि जमिनीकडच्या बाजूला लावलेले असावे लागतात. समुद्राकडच्या दालनांत छताला लटकणाऱ्या दिव्यांऐवजी काचेपासून दूरच्या भिंतीवर वरून खाली प्रकाश टाकावा लागतो, आणि सूर्यास्तानंतर समुद्राकडचे पडदे आपोआप खाली यावे लागतात. इमारतीच्या पायथ्यापासून वर रोखलेले झोत मी तरी कोणत्याही किनाऱ्यावर सुचवणार नाही. त्यांचा बराचसा प्रकाश भिंत चुकवून आकाशात जातो. वास्तू ओळखू यावी एवढेच हवे असेल तर प्रवेशद्वाराचा एक कोपरा किंवा छताच्या खालची एक पोत असलेली भिंत उजळणे पुरते, आणि तेही कार्यक्रम संपेपर्यंतच. समुद्राकडे दिसणारे लाल, हिरवे किंवा उघडझाप करणारे दिवे वेगळ्याच कारणासाठी टाळावेत. बंदरांच्या वाटा दाखवणाऱ्या खुणादिव्यांचे तेच रंग आणि तीच लय असते, त्यामुळे नावाड्याची गफलत होऊ शकते. त्याबाबत बंदर प्रशासनाला आधीच विचारणे हे योजनाकाराचे कामच आहे.

खारी हवा दिव्याच्या आत कशी शिरते

बाहेरच्या दिव्यांवर आयपी 66 किंवा आयपी 67 अशी खूण असते. पहिला आकडा धुळीपासूनचे संरक्षण सांगतो आणि दुसरा पाण्यापासूनचे. या चाचण्या साध्या पाण्याने आणि नव्या कोऱ्या दिव्यावर होतात. मीठ काय करील हे त्यांतून कळत नाही.

प्रत्यक्षात घडते ते असे. दिवा चालू असताना त्याच्या आतली हवा तापून प्रसरण पावते आणि फटींतून थोडी बाहेर पडते. रात्री उशिरा दिवा विझला की आतली हवा थंड होऊन आक्रसते, आत दाब कमी होतो, आणि बाहेरची दमट खारी हवा केबलच्या वाटेने किंवा रबरी गॅस्केटच्या कडेने आत ओढली जाते. हे रोज घडते. मीठ हवेतली आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांवर गेली की स्वतःच पाणी ओढून विरघळते, आणि समुद्रकाठी आर्द्रता त्याच्या वर जाणे ही नेहमीची बाब आहे. त्यामुळे पाऊस नसतानाही आतल्या धातूवर खाऱ्या पाण्याचा पातळ थर बसलेला असतो. ॲल्युमिनियमच्या कवचाला स्टेनलेस स्टीलचा स्क्रू थेट लावला असेल, तर या खाऱ्या थरातून दोन धातूंमध्ये सूक्ष्म विद्युतप्रवाह सुरू होतो आणि त्यात ॲल्युमिनियम झिजत जाते. स्क्रूभोवती पांढरी भुकटी जमलेली दिसली तर तो याच झिजेचा पुरावा असतो, आणि तोवर तो स्क्रू सहसा उघडण्याच्या पलीकडे गेलेला असतो.

यावरचे उपाय सगळ्यांना ठाऊक असतात, पण खर्चात कपात करताना पहिली कुऱ्हाड त्यांच्यावरच पडते. तांब्याचे प्रमाण अत्यल्प असलेले ॲल्युमिनियम, त्यावर समुद्री वातावरणासाठीचा लेप, 316 प्रतीचे स्टेनलेस स्टील, दोन धातूंच्या मध्ये नायलॉनचे वॉशर, आणि हवेला ये-जा करू देणारी पण पाण्याला अडवणारी दाब-समतोलाची जाळी या गोष्टी कागदावर स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात. गंजाच्या दृष्टीने वातावरणाची तीव्रता ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मानकात खाऱ्या किनाऱ्यासाठी सी 5 आणि त्याहून कठोर सीएक्स असे वर्ग आहेत; दिव्याच्या कवचाचा लेप त्यांपैकी कोणत्या वर्गाला उतरतो हे उत्पादकाला लेखी विचारावे. शक्य तिथे ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला योग्य वीज पुरवणारा भाग, दिव्यातून काढून इमारतीच्या आत कोरड्या खोलीत ठेवावा. एलईडीचा दाणा बहुधा शेवटपर्यंत टिकतो, आधी जातो तो ड्रायव्हर, आणि त्यातही त्यातले कॅपॅसिटर. तापमान 10 अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते.

शाश्वततेचा हिशेब इथे पुन्हा उघडावा लागतो. दिवा बनवण्यात ॲल्युमिनियम, तांबे, काच आणि इलेक्ट्रॉनिक भाग खर्ची पडतात. वीस वर्षे चालायचा दिवा खारी हवा लागून पाचव्या वर्षी फेकावा लागला, तर त्याने वाचवलेल्या विजेचा काही भाग नवा दिवा बनवण्यात आणि वाहून आणण्यात परत जातो. म्हणून दिवा उघडता यावा, आतला एलईडीचा पट्टा आणि ड्रायव्हर वेगवेगळे बदलता यावेत, आणि ते कोणत्याही उत्पादकाच्या मापात मिळावेत, हे निकष प्रति वॅट ल्युमेनइतकेच वजनदार मानले पाहिजेत. सीलबंद, चिकटवलेले दिवे दिसायला सुबक असतात, पण त्यांची दुरुस्ती करता येत नाही.

काचेवर बसणाऱ्या मिठाचा परिणाम उजेडावरही होतो. त्या पांढुरक्या थरामुळे दिव्याचा प्रकाश घटतो आणि खिडकीवर कलते ऊन पडले की संपूर्ण काच धुरकट चमकू लागते. योजनाकार ही घट गृहीत धरून सुरुवातीला गरजेपेक्षा जास्त उजेड देतात. गोड्या पाण्याने नियमित धुण्याची सोय, म्हणजे नळ, निचरा आणि हात पोहोचेल अशी जागा, नकाशात आधीच असेल तर ही जादा भर कमी ठेवता येते. याच कारणाने दहा मीटर उंचीवर, शिडीशिवाय न पोहोचणारा दिवा मला समुद्रकाठी नको वाटतो.

आतली दालने

वस्त्रे, जलरंगातली चित्रे आणि हस्तलिखिते यांच्यावर 50 लक्सपेक्षा अधिक उजेड टाकू नये असा संग्रहालयांचा दंडक आहे. त्याला जोड एकत्रित मात्रेची असते. आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाच्या 2004 च्या मार्गदर्शनानुसार अतिसंवेदनशील वस्तूंना वर्षभरात 15,000 लक्स-तासांपर्यंतच प्रकाश मिळावा, आणि 50 लक्सने भागले तर ते वर्षाला केवळ 300 तास होतात. उजेडाने रंग उडतात ते साठत जाऊन. आज वाचवलेला तास पुढे वापरता येतो. त्यामुळे समोर कोणी नसताना दिवा मंद करणारा सेन्सर दालनात वीज वाचवतोच, शिवाय त्या वस्त्राचे आयुष्यही वाढवतो. समुद्राकडच्या लख्ख प्रवेशदालनातून अशा 50 लक्सच्या खोलीत पाहुण्याला थेट नेले तर त्याला काहीच दिसणार नाही, म्हणून मध्ये वळण घेणारी, हळूहळू अंधारत जाणारी वाट ठेवावी.

सभागृहात दिव्यांची खरी परीक्षा मंद होण्यात असते. नाटक सुरू होताना उजेड सलग विरत गेला पाहिजे, आणि स्वस्त ड्रायव्हर शेवटच्या टप्प्यात ठेचकाळतो किंवा लुकलुकू लागतो. हे लुकलुकणे डोळ्याला जाणवले नाही तरी चित्रीकरणाच्या कॅमेऱ्यात पट्ट्यांच्या रूपाने उमटते, आणि आज जवळपास प्रत्येक सत्राचे चित्रीकरण होते. वर्णदर्शन निर्देशांक, म्हणजे दिव्याच्या प्रकाशात रंग किती खरे दिसतात याचे 100 पैकी माप, 90 किंवा त्याहून अधिक असलेले दिवे रंगमंचाजवळ आणि प्रदर्शनात वापरावेत. वाहनतळात त्यांची गरज नाही.

नियंत्रणासाठी अशा इमारतींत बहुधा डाली ही प्रणाली वापरतात, जिच्या तारांच्या एका जोडीवर 64 दिव्यांना स्वतंत्र पत्ते देऊन प्रत्येकाला वेगळी आज्ञा देता येते. तिचा फायदा मोठा आहे, पण एक छुपा खर्चही आहे. विझलेला दिवाही पुढच्या आज्ञेची वाट पाहत थोडी वीज खात राहतो. समजा असे 4,000 दिवे आहेत आणि प्रत्येक जण अर्धा वॅट घेतो, तर सगळे विझलेले असतानाही 2 किलोवॅट वीज जळते आणि 24 तासांत 48 युनिट खर्च होतात. कार्यक्रम नसलेल्या दिवसांत संपूर्ण विभागांचा पुरवठाच तोडण्याची सोय असेल तर हा खर्च टळतो, फक्त आपत्कालीन दिवे आणि बाहेर पडण्याच्या खुणा त्यातून वगळाव्या लागतात. शिवाय नियंत्रणाचा फलक साधा असावा. भाषण, मैफल, साफसफाई, बंद, अशी चार बटणे असतील तर ती वापरली जातात. चाळीस पर्याय दिले तर कर्मचारी सगळे दिवे पूर्ण लावून मोकळा होतो.

सौर पॅनेलबद्दल थोडक्यात सांगता येईल. ते दिवसा वीज देतात आणि अशा केंद्राचा दिव्यांचा भार रात्रीही असतो, त्यामुळे बॅटरी किंवा वीजजाळ्याची जोड लागते. त्यांच्या चौकटींना आणि जोडण्यांनाही मिठाचे सगळे नियम लागू होतात. भार आधी घटवला की पॅनेलही कमी लागतात.

एलईडी आले तरी जगातली रात्र अधिक अंधारी झाली नाही, ही बाब या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. उपग्रहांच्या मोजणीनुसार 2012 ते 2016 या काळात पृथ्वीवरचे कृत्रिम प्रकाशाने उजळलेले बाह्य क्षेत्र दर वर्षी सुमारे 2.2 टक्क्यांनी वाढत गेले. उजेड स्वस्त झाला की तो जास्त वापरला जातो. एका केंद्रातही तसेच होते: वाचलेल्या विजेच्या भरवशावर आणखी एक भिंत उजळली जाते, बागेतल्या झाडांवर झोत येतात, आणि पाचव्या वर्षी वीजवापर पूर्वीइतकाच असतो. रात्रीचा अंधार जपण्यासाठी काम करणारी डार्क स्काय इंटरनॅशनल ही संस्था आणि अमेरिकेतील प्रकाश अभियंत्यांच्या संस्थेने 2020 मध्ये बाहेरच्या उजेडासाठी पाच निकष एकत्र मांडले, ते असे की उजेड गरजेचा असावा, नेमक्या जागी पडावा, गरजेपेक्षा प्रखर नसावा, लागेल तेव्हाच चालू असावा आणि शक्य तिथे पिवळसर असावा. नंतर बसवल्या जाणाऱ्या प्रत्येक दिव्यालाही हेच पाच प्रश्न विचारले गेले तरच मूळ योजना टिकते.

त्यासाठी इमारत ताब्यात देताना प्रत्येक जागेची ठरलेली लक्स पातळी, दिवे विझण्याची वेळ आणि अंधाऱ्या ठेवलेल्या जागांचा नकाशा लेखी स्वरूपात सुपूर्द करावा. नवी इमारत जवळजवळ नेहमीच थोडी जास्त उजळलेली असते, कारण पुढची घट आधीच जमेस धरलेली असते आणि उद्घाटनाच्या रात्री कोणालाही मंद दिवे नको असतात. वर्षभर वापर झाल्यावर, स्थलांतराच्या आणि कासवांच्या हंगामात, मोजयंत्र घेऊन रात्री संपूर्ण परिसर फिरावा, वाळूवरूनही पाहावे आणि जिथे कोणाची अडचण होत नाही तिथल्या पातळ्या खाली आणाव्यात. हे काम कोणाच्याच वाट्याला येत नाही म्हणून राहून जाते. त्यामुळे प्रकाशयोजनाकाराशी होणाऱ्या मूळ करारातच ते, त्याच्या वेगळ्या मोबदल्यासह, नोंदवलेले असावे.